तेरा तारीख

१३ तारखेला सकाळी आमचं सॉफ्टवेअर बंद पडलं. आदल्या रात्रीपर्यंत ते नीट चालत होतं. मधल्या वेळात कोडला कोणी हात लावला नव्हता. सर्व्हर सुरू होता, डेटाबेस सुरू होता, नेटवर्कची तक्रार नव्हती. तरी उपकरण राखून ठेवायला जो कोणी बटण दाबत होता त्याच्यासमोर लाल पट्टी येत होती.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता तो, चौघांचा गट. प्रयोगशाळेतली उपकरणं विद्यार्थ्यांनी त्या-त्या दिवसापुरती राखून ठेवायची आणि कोणतं उपकरण कोणाकडे किती वाजेपर्यंत आहे ते सगळ्यांना दिसायचं, एवढंच त्याचं काम. सर्व्हरची बाजू माझ्याकडे, स्क्रीन एका मैत्रिणीकडे, डेटाबेस एका मित्राकडे. चौथी मैत्रीण टेस्टिंग करायची आणि कागदपत्रं सांभाळायची.

सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला तर एकच ओळ शंभरदा छापलेली: महिना १ ते १२ यांच्या दरम्यान हवा. मी ती ओळ बराच वेळ नुसती बघत बसले. महिना चुकेल कसा? महिना तर कोणी टाइपच करत नव्हतं, तारीख आपोआप जात होती.

उलगडा व्हायला पाच तास लागले. स्क्रीनकडून तारीख यायची ती आधी दिवस, मग महिना अशी. माझा कोड ती वाचायचा आधी महिना, मग दिवस अशी. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत दोन्ही आकडे महिना म्हणून खपून जातात. ३ एप्रिल हा ४ मार्च म्हणून निमूटपणे साठवला जातो, कोणी ओरडत नाही. तेरावा महिना मात्र नसतो, त्यामुळे १३ तारखेला तो कोड पहिल्यांदा खरं बोलला.

याहून वाईट गोष्ट पुढे कळली. स्क्रीनवर तारखा बरोबर दिसत होत्या! कारण मी उलटी वाचलेली तारीख परत पाठवताना त्याच उलट्या क्रमाने पाठवत होते आणि मैत्रिणीचा कोड ती आपल्या पद्धतीने सुलटी वाचत होता. दोन बाजूंनी एकमेकींची चूक झाकली होती. डोळ्यांना दिसणारं सगळं बरोबर आणि डेटाबेसमध्ये साठलेलं जवळजवळ सगळं चूक. नंतर मी कागदावर हिशेब केला. ३६५ दिवसांच्या वर्षात १४४ दिवस असे येतात जेव्हा हा बग गप्प बसतो. त्यांतले १२ दिवस तारीख आणि महिन्याचा आकडा एकच असल्यामुळे नोंद योगायोगाने बरोबर होते. उरलेले १३२ दिवस ती चुकीची होते आणि कोणालाही पत्ता लागत नाही. बाकीचे २२१ दिवस निदान एरर तरी येते.

एरर येते ते दिवस चांगले, हे मी त्या दुपारी शिकले.

पण हा लेख मी त्या बगसाठी लिहायला घेतलेला नाही. तो बग सापडण्याच्या सहा आठवडे आधी, सर्व्हरचं तारीख वाचणारं फंक्शन लिहिताना, माझ्या मनात शंका आली होती. गटाच्या चॅटमध्ये मी टाइपही केलं होतं, "अगं, तारीख कशी पाठवते आहेस? आधी दिवस की आधी महिना?" मग ते वाचलं आणि वाटलं, किती साधा प्रश्न आहे हा. शेवटच्या वर्षाला असून हिला एवढंही ठरवता येत नाही का, असं स्क्रीनवाल्या मैत्रिणीला वाटेल. मी ते खोडलं, अंदाजाने एक क्रम धरला आणि पुढे गेले.

चुकीचा अंदाज कोणाचाही होऊ शकतो. मला छळतो तो खोडलेला प्रश्न.

मी प्रोग्रॅमिंग शिकले ते एकटीने. बहुतेक सगळे तसेच शिकतात. एक प्रश्न असतो, त्याला ठरलेलं उत्तर असतं, आपण कोड लिहितो, तो तपासला जातो आणि हिरवी खूण येते. त्या हिरव्या खुणेचा आनंद खरा आहे, मी तो अजिबात कमी लेखत नाही. रात्री दोन वाजता एखादं फंक्शन चाललं की खोलीत एकटीच उभी राहून हात वर करायचे मी. पण त्या तीन-चार वर्षांत आणखी एक सवय अंगी मुरली होती. दुसऱ्याचं बघायचं नाही, आपलं दाखवायचं नाही. विचारणं म्हणजे कमीपणा आणि उत्तर पुरं झाल्याशिवाय वही उघडायची नाही. परीक्षेत हे योग्यच आहे. गटात आल्यावर नेमकी तीच सवय मोडावी लागते आणि ती मोडायला हवी हे कोणी आधी सांगत नाही.

प्रकल्पाच्या सुरुवातीला मी माझी ब्रँच, म्हणजे कोडची स्वतःपुरती वेगळी शाखा, काढली आणि अकरा दिवस काहीही पुश केलं नाही, म्हणजे गटाकडे पाठवलं नाही. रोज संध्याकाळी गटात विचारलं जायचं, "कुठवर आलं?" मी लिहायची, "चालू आहे, होत आलंय." खोटं नव्हतं ते. पण मला ते पूर्ण करून, घासूनपुसून, एकदम समोर ठेवायचं होतं. अर्धवट काम कोणी बघू नये असं मनापासून वाटत होतं. बाराव्या दिवशी मर्ज करायला, म्हणजे माझा कोड सगळ्यांच्या कोडमध्ये मिसळायला, घेतलं आणि तेवीस फाइल्समध्ये कॉन्फ्लिक्ट आले.

ज्यांनी मर्ज कॉन्फ्लिक्ट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. फाइल उघडली की मध्येच सात टोकदार कंसांची एक रांग दिसते. तिच्याखाली तुमच्या ओळी. मग सात बरोबरच्या चिन्हांची रेघ. त्या रेघेखाली दुसऱ्याच्या ओळी आणि शेवटी उलट्या दिशेचे सात कंस. संगणक एवढंच म्हणत असतो की या जागी तुम्ही दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्यात, कोणती ठेवायची ते मला ठरवता येत नाही, तुम्ही बोलून घ्या. पहिल्यांदा ते बघताना मला राग आला, माझ्या कोडमध्ये कोणीतरी घुसल्यासारखा. पण तेवीसपैकी एका फाइलमध्ये रेघेच्या वर माझं फंक्शन होतं आणि रेघेच्या खाली डेटाबेसवाल्या मित्राचं, नाव वेगळं, काम अगदी तेच. त्याला ते तातडीने हवं होतं आणि माझं तयार आहे हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने स्वतः लिहून काढलं होतं. त्याचे दोन दिवस त्यात गेले होते. तो काही बोलला नाही. "बरं झालं, तुझं जास्त नीट आहे, माझं काढून टाक," एवढंच म्हणाला. त्याच्या त्या चाळीस ओळी डिलीट करताना माझा हात अडखळला.

कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या ज्या गिटवर आम्ही हे करत होतो त्याची गोष्ट मला नंतर कळली आणि ती फार आवडली. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, जगभरातून काम करणाऱ्या लोकांसाठी २००२पासून एक खाजगी कंपनीचं साधन वापरलं जात होतं. २००५ मध्ये त्याचा मोफत वापर बंद झाला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिलच्या सुरुवातीला स्वतःच नवं साधन लिहायला घेतलं आणि काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. मला यात वेगाचं कौतुक आहेच. पण त्याहून जास्त कौतुक पुढच्या गोष्टीचं आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी गिट सांभाळायचं काम जुनिओ हामानो या प्रोग्रॅमरकडे सोपवलं. इतकी गाजलेली गोष्ट, आणि हाती जेमतेम चार महिने ठेवली. मी अकरा दिवस एक ब्रँच सोडायला तयार नव्हते.

मर्जच्या त्या दिवसानंतर आमच्या मार्गदर्शक मॅडमनी आम्हाला बसवलं. रागावल्या नाहीत. फळ्यावर चार ठिपके काढले आणि प्रत्येक ठिपका दुसऱ्या प्रत्येक ठिपक्याला जोडला. सहा रेघा झाल्या. "यांतल्या किती रेघांवरून तुम्ही गेल्या आठवड्यात बोललात?" असं विचारलं. आम्ही मोजलं. दोन. मग त्यांनी पाचवा ठिपका काढला आणि रेघा दहा झाल्या. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या एका मोठ्या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळल्यावर १९७५ मध्ये मांडलेलं निरीक्षण त्यांनी तेव्हा सांगितलं: आधीच उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. नव्या माणसाला काम समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो, आणि माणसं वाढतात त्याहून भराभर या रेघा वाढतात. हे नियम म्हणून मी आधी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण फळ्यावरच्या सहा रेघांपैकी चार कोऱ्या आहेत आणि त्यांतली एक माझ्या ठिपक्यापासून निघते, हे बघणं वेगळं होतं. ती रेघ स्क्रीनवाल्या मैत्रिणीकडे जात होती.

तारखेचा बग बरोबर त्याच रेघेवर सापडला.

संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहून ठेवलंय की एखादी संस्था जी प्रणाली तयार करते तिची रचना त्या संस्थेतल्या माणसांच्या आपसातल्या बोलण्याच्या रचनेसारखीच होते. मोठमोठ्या कंपन्यांबद्दल हे खूपदा सांगितलं जातं. चार विद्यार्थ्यांनाही ते तंतोतंत लागू पडतं. आमच्या प्रकल्पात डेटाबेस आणि सर्व्हर यांच्यातला सांधा उत्तम होता, कारण त्या मित्राशी मी मर्जनंतर रोज बोलत होते. सर्व्हर आणि स्क्रीनमधला सांधा कच्चा राहिला, कारण तिथे आम्ही दोघी एकमेकींना गृहीत धरत होतो. माझा कोड चुकीचा नव्हता, तिचाही नव्हता. दोन्ही आपापल्या जागी टेस्ट पास करत होते. बिघाड मधल्या जागेत होता आणि ती जागा कोणाच्याच नावावर नव्हती.

या मधल्या जागेचा विचार करताना मला मार्स क्लायमेट ऑर्बिटर आठवतं. डिसेंबर १९९८ मध्ये सुटलेलं नासाचं यान, मंगळापर्यंत पोचायला नऊ महिने. २३ सप्टेंबर १९९९ रोजी ते मंगळाच्या मागे गेलं आणि पुन्हा त्याचा संदेश आला नाही. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने इंजिनांनी दिलेला आवेग पाउंड-सेकंदांत मोजून पाठवला होता आणि मार्ग आखणाऱ्या गटाने तो न्यूटन-सेकंदांत आहे असं धरलं होतं. प्रत्येक आकड्यात जवळजवळ साडेचार पटींचा फरक. यान मंगळाच्या ठरल्यापेक्षा फारच जवळून गेलं. हे उदाहरण सगळ्या वर्गांत एककांचं महत्त्व सांगायला देतात. मला त्यातली दुसरी बाब लागून राहिली आहे. प्रवासातच काही जणांच्या लक्षात आलं होतं की आकडे जुळत नाहीत. शंका होती, ती बोललीही गेली होती, पण रीतसर नोंदवली गेली नाही, तिचा पाठपुरावा झाला नाही. म्हणजे प्रश्न विचारणारे होते तिथे. त्यांचा प्रश्न कोणीतरी उचलून धरायला हवा होता.

आमच्या गटात प्रश्न उचलून धरणारी होती ती चौथी मैत्रीण. तिच्याबद्दल मला थोडं थांबून सांगायचंय, कारण तिच्या वाट्याला जे आलं ते मला अजून पटलेलं नाही. ती कोड फारसा लिहायची नाही. आम्ही जे बनवू ते ती मोडायची. नाव रिकामं ठेवून बघ, एकाच उपकरणावर दोघांनी एकाच क्षणी बटण दाबून बघ, मागे जाऊन पुन्हा पुढे येऊन बघ. प्रत्येक बग ती असा लिहायची: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. तीन ओळी, त्याहून जास्त नाही, दोष कोणाला नाही. तिने लिहिलेला बग वाचला की अर्धं काम झालेलं असायचं. १३ तारखेला सुद्धा, आम्ही तिघं सर्व्हर बंद-चालू करत असताना, तीच म्हणाली, "काल चालत होतं ना? मग काल आणि आज यांत फरक काय? फक्त तारखेचा." पाच तासांतला खरा शोध त्या एका वाक्यात लागला. बाकी वेळ आम्ही त्या वाक्याकडे परत यायला घेतला.

शेवटी गुण देताना कोणाच्या नावावर किती ओळी आहेत ते बघितलं गेलं. तिच्या नावावर सगळ्यांत कमी. मला हे चूक वाटतं आणि मी ते तेव्हाही सांगितलं, पण उपयोग झाला नाही. ओळी मोजता येतात म्हणून मोजल्या जातात. न झालेले बग मोजता येत नाहीत.

रिव्ह्यूबद्दलही सांगायला हवं. मर्जच्या प्रकारानंतर आम्ही ठरवलं की दुसऱ्या कोणीतरी वाचल्याशिवाय मुख्य ब्रँचमध्ये काही जायचं नाही. माझ्या पहिल्या पुल रिक्वेस्टवर, म्हणजे माझे बदल मुख्य ब्रँचमध्ये घ्या या विनंतीवर, एका मैत्रिणीने चौदा कॉमेंट लिहिल्या. त्यांतली एक होती, "हे व्हेरिएबल डेटा नावाचं आहे. कसला डेटा?" मला ते लागलं. चालतंय ना कोड, मग नावाने काय फरक पडतो? उत्तरात तसं लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मलाच सांगता येईना की त्या व्हेरिएबलमध्ये नेमकं काय आहे. फंक्शनच्या सुरुवातीला उपकरणांची यादी होती, मध्ये ती गाळलेली यादी झाली, शेवटी नुसती संख्या. एका नावाखाली तीन गोष्टी. तिने नावाबद्दल विचारलं नव्हतं, माझ्या विचारांतल्या गोंधळावर बोट ठेवलं होतं. मी तीन नावं दिली. फंक्शन चार ओळींनी वाढलं आणि पहिल्यांदाच वाचण्यासारखं झालं.

तेव्हापासून रिव्ह्यू लिहिताना मी शक्यतो प्रश्न लिहिते. "हे चूक आहे" असं लिहिलं की समोरचा बचाव करायला उभा राहतो. "यादी रिकामी असेल तर इथे काय होईल?" असं लिहिलं की तो त्याच क्षणी माझ्या शेजारी येऊन बसतो आणि आम्ही दोघं मिळून त्या ओळीकडे बघू लागतो. रागाचं काही उरत नाही.

१३ तारखेची दुरुस्ती शेवटी सहा ओळींची झाली. तारीख सगळीकडे वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने जाईल असं ठरलं. यासाठी आयएसओ ८६०१ नावाचं जागतिक मानक १९८८पासून आहे. आम्ही त्याच्याबद्दल शिकलोही होतो, फक्त आपल्याला ते लागेल असं कोणाला वाटलं नव्हतं. चुकीच्या साठलेल्या नोंदी सुधारता आल्या त्या डेटाबेसवाल्या मित्रामुळे. प्रत्येक नोंद नेमकी केव्हा झाली ती वेळ डेटाबेसने स्वतःहून लिहून ठेवावी, अशी सोय त्याने पहिल्याच आठवड्यात केली होती, कोणी सांगितलेलं नसताना. आरक्षण त्याच दिवसाचं असायचं, त्यामुळे त्या वेळेवरून खरी तारीख परत मिळाली. स्क्रीनवाली मैत्रीण आणि मी खुर्चीला खुर्ची लावून बसलो आणि एकेक नोंद डोळ्यांखालून घातली. शेवटच्या नोंदीपाशी मी तिला त्या खोडलेल्या प्रश्नाबद्दल सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मी पण टाइप केला होता गं."

केंब्रिजमध्ये १९४९ साली एडसॅक हा संगणक सुरू झाला, तेव्हाची, तो बनवणाऱ्या गटाचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांची एक आठवण आहे. एका जिन्यावर असताना त्यांना एकदम उमगलं की उरलेल्या आयुष्यातला बराच काळ आता स्वतःच्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार. मला हे वाचून धीर येतो. इतक्या आधीपासून, इतक्या मोठ्या माणसाचंही हेच. एकच वाटतं, त्या जिन्यावर कोणीतरी सोबत असायला हवं होतं.

प्रकल्प आता पुढच्या वर्षीच्या मुलांकडे गेलाय. तो देताना, कोड आपोआप तपासणाऱ्या आमच्या टेस्टमध्ये मी एक टेस्ट घालून ठेवली, तिचं नाव तेरा तारीख. गेल्या आठवड्यात त्यांच्यातली एक मुलगी मला शोधत आली. लॅपटॉप छातीशी धरलेला. दारातच थांबली आणि म्हणाली, "ताई, खूप साधा प्रश्न आहे, विचारू का? राहू दे, मी बघते माझं मी."

"थांब," मी म्हटलं. "विचार."

"ही तेरा तारखेची टेस्ट कशाला आहे? बारा का नाही? आम्ही काढून टाकणार होतो, पण त्या ओळीवर तुमचं नाव दिसलं."

मी शेजारची खुर्ची ओढली, तिला बसवलं आणि त्या दिवशीच्या दुरुस्तीचा कमिट उघडला.